या फोटोत एक चूक आहे

३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पार्सल मिळालं. लग्नाच्या अल्बमचे प्रिंट छान आलेत. नवरीची मावशी तेवढी लालभडक दिसतेय, पण ती बाई खरोखरच तशी आहे, चालेल. खोक्यात तुझी चिठ्ठी होती, ती वाचून मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हॉल? माझ्या पन्नाशीला? आणि मला न विचारता?

हे फोनवरही बोलले असते, पण फोनवर तू विषय बदलतोस. बाबांनी तुला तिकडे लॅब काढून दिली आणि मला इकडे स्टुडिओ, तेव्हापासून आपण प्रिंटच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकतोय, तेच बरं. चिठ्ठीला मध्येच "बरं, जेवलीस का" म्हणता येत नाही.

हॉलमध्ये काय होणार ते मला पाठ आहे. मामी माझ्या पाठीला उशी लावणार, कारण तू सगळ्या गोतावळ्याला सांगून बसलायस की माझं मणक्याचं ऑपरेशन झालं. मागच्या भेटीत त्यांनी मला वाकू दिलं नाही, माझ्या चपलासुद्धा स्वतः उचलून दिल्या. काकांनी कमरेचा पट्टा भेट दिलाय, दादा! तो मी कॅमेऱ्याच्या तिपाईला बांधून ठेवलाय. माझा मणका ठणठणीत आहे. माझा डावा स्तन काढलाय. कॅन्सर होता. एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या चिठ्ठ्यांत "ते" आणि "तसलं" असं करत बसायला नको.

तर माझा बेत ऐक. ज्या रविवारी माझा वाढदिवस आहे त्याच रविवारी इथे शाळेच्या मैदानावर मेळावा आहे. बायकांच्या छातीची तपासणी करणारी गाडी घ्यायचीय, आत मशीन असलेली, वस्तीवस्तीतून फिरणारी, आणि त्यासाठी निधी गोळा करायचाय. माझ्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं अंगावर घेतलंय. कोणी रोपं विकणार, कोणी गाणी म्हणणार, मी फोटो काढणार. येईल त्याचा फोटो, बदल्यात पेटीत मनाला येईल ते टाका. आणि माझ्या टेबलामागे माझा स्वतःचा फोटो, माणसाएवढा.

तो पेन ड्राइव्हवर सोबत पाठवलाय. खिडकीशी उभी राहून, टायमर लावून काढला. पांढरा, अंगाबरोबरचा शर्ट, आत कापसाची गादी वगैरे काही नाही. डावीकडे सपाट आहे ते सपाट दिसतंय. केस आत्ता कुठे बोटभर आलेत, तेही दिसतायत. दादा, इतक्या वर्षांत मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे तो. तू धंद्यातला माणूस आहेस, तुला बघताक्षणी कळेल. एवढा मोठा प्रिंट तुझ्याच मशीनवर निघतो, म्हणून तुझ्या दारात आलेय.

आणि शेवटचं, म्हणजे खरं तर पहिलं. त्या दिवशी मैदानावर एक भाड्याची गाडी उभी असणार, तिथे पुढच्या तपासणीच्या वेळा देणार आहेत. वहिनीला आणि बबडीला घेऊन ये. आई त्यानेच गेली, मला तेच झालं, बबडी माझी सख्खी भाची आहे. वहिनीशी रक्ताचं नातं नाही, पण तिचं तपासणीचं वय आहे. मला वाढदिवसाची भेट द्यायचीच असेल ना, तर ही दे. हॉल नको.

तुझी,
भिंगरी


९ फेब्रुवारी

भिंगरे,

बाबांनी तुझं नाव उगाच भिंगरी ठेवलं नव्हतं. एका जागी स्वस्थ बसशील तर शपथ. हॉलवाल्याला मी आता काय सांगू? मामींनी नवीन साडीसुद्धा घेतली.

तू मेळाव्याला जा, मदत कर, लोकांचे फोटो काढ, कोण नको म्हणतंय? चांगलंच काम आहे. पण स्वतःचा फोटो कशाला लावायचा? आजारपण ही आपली आपल्यापाशी ठेवायची गोष्ट. त्याची अशी जाहिरात करतात का? आणि तुला म्हणून सांगतो, बबडीच्या लग्नाचं बोलणं चाललंय. मुलगा सोन्यासारखा आहे, पण त्याची आई फार चौकस. घरात कोणाला काही आजार वगैरे, असं तिने सरळ विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे सगळे खणखणीत. उद्या त्या बाई सहज फिरत फिरत त्या मैदानावर आल्या, आणि समोर माणसाएवढी तू! मग माझ्या शब्दाला काय किंमत राहिली? आत्याला झालंय म्हटल्यावर लोक भाचीकडे कसे बघतात ते तुला नव्याने सांगायला नको.

आणि आईला ताप होता. बाबांनी तसं सांगितलं होतं आणि मी तेच धरून चालतो. तूही तेच धरून चाल.

तपासणीचं तुझ्या वहिनीला विचारलं. "मला काही होत नाहीये, उगाच कशाला," म्हणाली. मग दिवसभर गप्पच होती. तिलाही तुझं हे वागणं आवडलेलं नाही, तोंडाने बोलत नाही इतकंच.

प्रिंट मात्र मी देतो. भाऊ आहे, नाही कसं म्हणेन? लॅबमधल्या कोणावर सोडत नाही, स्वतः बसून करतो. छान करून पाठवतो, तू निर्धास्त राहा. मोठी लाकडी चौकटही माझ्याकडूनच.

दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

चौकट आली. चार माणसं लागली जिन्यावरून चढवायला. सगळ्यांसमोर मोठ्या हौसेने कागद फाडला आणि बघते तर काय, चौकटीत कोण बाई उभी आहे ही?

दोन्ही बाजू कशा गोल, भरलेल्या! मला पंचवीस वर्षांची असतानासुद्धा असं कधी दिसता आलं नाही रे. वरच्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "अगं, फोटोत काय छान आलीयस!" तिला बिचारीला काय बोलू? चौकट आणणारे आपले माना खाली घालून निघून गेले.

आणि अरे, लबाडी करायची तर निदान नीट तरी करायची! माझी उजवी बाजू उचललीस, आरशातल्यासारखी उलटी केलीस आणि डावीकडे नेऊन चिकटवलीस. खिडकी माझ्या डाव्या हाताला आहे. उजेड डावीकडून येतोय आणि डाव्या बाजूची सावली पण डावीकडेच, खिडकीच्या अंगाला पडलीय. सूर्य काय माझ्या उजव्या खांद्यावर उगवला होता? शर्टाचा खिसा कुठे गेला? त्यात माझं पेन होतं, तेही गेलं! बाबांनी पाहिलं असतं तर तुझा कान धरून स्टुलावर उभं केलं असतं. केस मात्र बोटभरच ठेवलेस, तेवढे उपकार झाले.

मी तासभर त्या बाईसमोर बसून रडले. आता रडून झालंय आणि राग आलाय, तो सांगते.

ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा मी आरशाकडे पाठ करून उभी होते. नर्स म्हणाली, घाई नाही, हवं तेव्हा बघा. मला बघायला किती दिवस लागले ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मग एके दिवशी बघितलं. मग रोज बघितलं. मग एका सकाळी दात घासताना बघितलं आणि दात घासतच राहिले, म्हणजे बघ कुठून कुठे आले मी. तो फोटो मी त्यानंतर काढला. आणि तू एका दुपारीत मला परत पाठ फिरवून उभी केलीस.

आता आईचं. तुझ्या दिवाणखान्यात आईचा जो फोटो आहे, गाल भरलेले, हसरी, त्याला सगळे म्हणतात आई काय सुंदर होती. तो तिच्या शेवटच्या महिन्यातला फोटो आहे. बाबांनी काढला आणि तुझ्याकडे ब्रश दिला. तू तेव्हा जेमतेम काम शिकत होतास. तू तिचे गाल भरलेस, डोळ्यांखालचं काळं पुसलंस, आणि बाबा म्हणाले, शाब्बास. मी दारात उभी होते दादा, मी बघितलंय. आईला ताप नव्हता. आईला गाठ होती आणि तिने ती पदराखाली दाबून ठेवली, कारण त्या घरात तसला शब्द उच्चारायची सोय नव्हती. वेळेवर बोलली असती तर कदाचित तुझ्या लग्नात मिरवली असती. तुझ्या भिंतीवरची बाई आपली आई नाही. ती तू काढलेली बाई आहे.

मला भिंतीवरची बाई व्हायचं नाही. आणि बबडीलाही होऊ द्यायचं नाही. मूळ फोटो तुझ्याकडे आहेच. जसा आहे तसा छाप आणि पाठव. वहिनीला आणि बबडीला आण. मी दोनच गोष्टी मागतेय.

भिंगरी


२२ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र लॅबमध्ये उघडलं ही चूक झाली. पुढचं गिऱ्हाईक तसंच उभं होतं.

मी मुद्दाम केलं नाही असं म्हणणार नाही. पण कसं झालं ते ऐकून घे. आयुष्यभर मी हेच केलंय. गालावरचा फोड, उडालेला केस, पुढे आलेला दात, जे दिसेल ते नीट करायचं. लोक त्यासाठीच माझ्याकडे येतात. तुझा फोटो मोठा करून स्क्रीनवर घेतला आणि मला बघवेना. अगं, तुला असं कोणी केलं, असं झालं मला. आणि मी तुला नीट केलं. लहानपणी पडलीस की तुझा गुडघा मीच धुवायचो, हात तसाच गेला. सावलीचं म्हणशील तर मला नीट दिसत नव्हतं. का दिसत नव्हतं ते विचारू नकोस.

तू म्हणतेस तो फोटो मी छापणार नाही. मला जमणार नाही. मशीनमधून हळूहळू बाहेर येताना तो मला उभं राहून बघावा लागेल, हे तुझ्या डोक्यात येतं का? दुसऱ्या कोणाकडून काढून घे.

आईबद्दल तू जे लिहिलंस ते मी वाचलं नाही असं समजतो. बाबा गेले, आता कशाला उकरायचं?

आणि त्या रविवारी आम्ही येणार नाही. मी नाही, तुझी वहिनी नाही, बबडी नाही. मुलाकडचे त्याच आठवड्यात येणार आहेत. तुझ्या पाया पडतो, एवढं माझं ऐक.

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

दुसऱ्याकडे कशाला जाऊ? चौकट एवढी सुंदर, प्रिंट एवढा झकास, कोपऱ्यात तुझ्या लॅबचं नावसुद्धा सोनेरी अक्षरात. तुझाच लावते.

त्याच्या शेजारी मी उभी राहणार. फोटोतलाच पांढरा शर्ट घालून, खिशात पेन अडकवून. आणि वर मोठ्या अक्षरात पाटी: "या फोटोत एक चूक आहे. शेजारच्या बाईकडे बघा आणि ओळखा."

नियम सोपे. चूक सापडली की मोठ्याने सांगायची, कानात नाही. बरोबर आली तर मी फुकट फोटो काढणार. नाही आली, किंवा सांगायची लाज वाटली, तर पेटीत पैसे टाकायचे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "लाजणाऱ्यांवरच गाडी येईल आपली."

रागावून लिहीत नाहीये हे. म्हणजे रागावलेय, पण तुझं कामसुद्धा कामी आलं हे कळवायला लिहितेय.

भिंगरी


२ मार्च

अजिबात नाही. प्रिंट परत पाठव. लॅबचं नाव आहे त्यावर. मी गाडी पाठवतो चौकट न्यायला.

दादा


५ मार्च

गाडी आली होती. ड्रायव्हरला चहा पाजला आणि रिकामी परत पाठवली. तुझ्याच गाडीच्या काचेवर मेळाव्याचं पत्रकही चिकटवून दिलंय. नीट चिकटवलंय, निघायचं नाही.

भिंगरी


१६ मार्च

वहिनी,

तुझा नवरा काल घरातून काय सांगून निघाला होता ग? फोटोचा कागद आणायला जातो, असंच ना? रविवारी कागदवाल्याचं दुकान बंद असतं हे तुला चांगलं ठाऊक आहे, आणि तरी तू त्याला जाऊ दिलंस. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुला लिहितेय.

सकाळी मैदानावर वारा इतका की चौकट दोनदा कोलमडता कोलमडता वाचली. शेवटी तिला शाळेच्या बाकाला बांधली. माझ्या एका बाजूला रोपंवाली, दुसऱ्या बाजूला गाणाऱ्यांचा कंपू, समोर तपासणीची गाडी आणि तिला वीज पुरवणारं ते धडधडणारं जनरेटर. मी शर्ट घालून, पेन लावून उभी. तुला म्हणून सांगते, इतके दिवस पत्रातून शौर्य गाजवलं, प्रत्यक्षात लोक समोर आले तेव्हा हात छातीशी बांधावेसे वाटत होते. बांधले नाहीत.

आधी काय झालं सांगू? सगळे पाटी वाचत, फोटो बघत, माझ्याकडे बघत, आणि मग आपल्या बुटांकडे बघत. चूक सगळ्यांना दिसत होती ग! एकजण म्हणाला, "फोटोत पेन नाहीये." मी म्हटलं, बरोबर, पण ती बारकी चूक, मोठी सांगा. त्याने मुकाट्याने पेटीत पैसे टाकले आणि सटकला. एक म्हणाली, "तुम्ही फोटोत जरा गोऱ्या आहात." शाळेचे जुने ड्रॉइंग मास्तर पाच मिनिटं मान तिरकी करून उभे, मग म्हणाले, "सावली उलटी आहे." मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली, पण तेही शेवटी तेवढ्यावरच थांबले आणि कान लाल करून पेटीकडे वळले. पेटी भरत होती आणि मी आतून खचत होते. मला पैसे नको होते, मला कोणीतरी बोलायला हवं होतं.

मग आमच्या गल्लीतली इस्त्रीवाली आली. जाडजूड, घामाघूम, खांद्यावर कपड्यांचं बोचकं. तिने एकदा फोटो पाहिला, एकदा मला पाहिलं आणि मैदान दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "यात काय ओळखायचंय? बाईला एकच स्तन आहे, फोटोत दोन काढलेत! कोणी केला हा उद्योग?"

कोणीतरी फसकन हसलं, मग मी हसले, मग सगळेच. मी तिचा फोटो काढला, बोचक्यासकट. ती गेल्यावर जी रांग लागली, वहिनी, ती दुपारपर्यंत तुटली नाही. बायका येऊन ओरडून सांगत होत्या! एक म्हातारी तर परत परत येत होती, नुसतं ओरडायला मिळतं म्हणून. एकीने आपलीही उजवी बाजू नाही असं सगळ्यांदेखत सांगितलं आणि मला म्हणाली, "चला, आपण दोघी मिळून एक पूर्ण सेट." वाढदिवसाचं गाणंही झालं. गाणाऱ्यांनी ते इतकं बेसूर म्हटलं की मला फार बरं वाटलं.

आणि मग रांगेत दादा.

इस्त्रीचा निळा सदरा, हातात रिकामी पिशवी. कागदासाठी असावी. मला वाटलं चौकट न्यायलाच आलाय. त्याचा नंबर लागला. मी बाकीच्यांना म्हणत होते तसंच म्हटलं, "बोला साहेब, काय चूक आहे?"

तो फोटोकडे बघत राहिला. माझ्याकडे नाही. मग हळूच म्हणाला, "सावली. घाईत चुकली."

"अर्धे गुण," मी म्हटलं. "पुढे?"

त्याने पेटीत पैसे टाकले, बाकीच्यांसारखे, आणि चालू पडला. वहिनी, माझं मन एवढं कडू झालं की पुढच्या माणसाचा फोटो हातून हलला. सख्खा भाऊ, एवढ्या लांबून आला, आणि इस्त्रीवालीला जमलं ते याला जमू नये!

पण तो घरी गेला नव्हता. पाहते तर तपासणीच्या गाडीपाशी उभा. टेबलामागे एक नर्स बसली होती, वेळा देत होती. जनरेटर तिच्या कानाशीच. मी इथून फक्त त्यांची तोंडं बघत होते. दादा वाकून काहीतरी पुटपुटला. नर्सने कानावर हात धरला. तो परत पुटपुटला. तिने मान हलवली. मग तिने ओरडून विचारलेलं मला ऐकू आलं, "दोघींच्या वेळा देते, पण घरात आधी कोणाला होतं का?"

दादा काहीतरी बोलला.

"ऐकू येत नाही हो! कोणाला? काय होतं?"

आणि मग तुझा नवरा, जो घरात भाजी खारट झाली तरी हळू आवाजात सांगतो, तो टेबलावर दोन्ही हात टेकून ओरडला, "आईला! कॅन्सर होता! स्तनाचा कॅन्सर! आम्ही ताप म्हणायचो, तो ताप नव्हता! आणि बहिणीला झाला! ती बघा, ती तिकडे उभी आहे, डावा काढलाय तिचा, आज पन्नास वर्षांची झाली!"

गाणारे थांबले. रोपंवालीच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं आणि त्याला ते कळतच नव्हतं, तो अजून नर्सलाच सांगत होता, "आणि मुलगी आहे माझी, पंचवीस वर्षांची, आणि बायको."

मी कॅमेरा टाकून धावले. त्याला धरलं. लहान मुलासारखा हुंदके देत होता. मीही कुठली शहाणी, मीही सुरू झाले. मग मला म्हणाला, "चल, फोटो काढ आपल्या दोघांचा." मी म्हटलं, आधी तोंड धू, नाक बघ केवढं लाल झालंय. तर म्हणाला, "राहू दे. कशालाच हात लावायचा नाही." ड्रॉइंग मास्तरांनी बटण दाबलं. प्रिंट सोबत पाठवलाय. मास्तरांचा हात हलला, माझं डोकं थोडं कापलं गेलंय, दादाचे डोळे सुजलेत. तसाच आहे.

मुलाकडच्यांना आता मीच सगळं सांगतो, असं तो जाताना म्हणाला. नको म्हणाले तर नको. तो सांगेल असं मला वाटतंय, पण तू त्याच्यावर विसंबून राहू नकोस.

तर आता ऐक. उद्या, मंगळवारी सकाळी तुमच्याकडच्या दवाखान्यात तुझी आणि बबडीची वेळ घेतलीय, म्हणून हे पत्र आजच माणसाच्या हाती पाठवतेय. डॉक्टरीणबाई स्वतः येणार आहेत. बबडीला बहुतेक हातानेच तपासतील, तुला मशीनवर. दादा तुम्हाला सोडून बाहेर बसणार. माझ्यावर रागावली असशील तर नंतर भांड, मी कुठे पळून जात नाही. पण चुकवायचं नाही. तुझ्याकडे मी पहिल्यांदा काहीतरी मागतेय.

तुझी,
भिंगरी


१९ मार्च

भिंगरी,

मी कधीच रागावले नव्हते. तसं कोणी लिहिलं? त्याने? मला न विचारता माझं मत कळवायची त्याची जुनी खोड आहे.

तुझा दादा दवाखान्याबाहेर बसून होता आणि एक मासिक उलटं धरून वाचत होता. बबडी ठीक आहे. दरवर्षी यायचं म्हणाल्या. माझ्या उजव्या बाजूला गाठ आहे. सुई घालून तुकडा काढून घेतलाय, कसली आहे ते पुढच्या आठवड्यात कळेल.

ती मला माहीत होती ग. थंडीपासून अंघोळीत हाताला लागायची. त्याने विचारलं त्या दिवशी अगदी ओठांवर आलं होतं. पण या घरात लग्न होऊन आल्यापासून मी तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, मग माझ्यापासून सुरुवात कशी करू? तो दिवस मी स्वयंपाकघरात उभ्याने काढला. रविवारी तो मैदानावरून आला, उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, "मी आईचं सांगून आलो." तेव्हा मी त्याचा हात धरून तिथे ठेवला, म्हटलं, हे बघ. त्याने हात मागे घेतला नाही.

भीती वाटतेय. खोटं कशाला बोलू? रात्री डोळा लागत नाही. पण काढायचा असेल तर काढू दे, आणि मग मी तुझ्याकडे येते फोटो काढून घ्यायला. बिनकापसाचा. तोपर्यंत उगाच माझी काळजी करून फोन करत बसू नकोस, मला काम आहे.

काल मुलाच्या आईचा फोन आला. तुझा दादा घसा खाकरत, शब्द जुळवत पुढे आला, सांगणार होता बिचारा. मी फोन घेतला. म्हटलं, आमच्या सासूबाई स्तनाच्या कॅन्सरने गेल्या, नणंदेला झाला होता, ती आता माझ्याहून धडधाकट आहे, आणि माझी गाठ तपासायला दिलीय. तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगितलं. आता काय ते तुम्ही ठरवा.

मला वाटलं, आता बाई फोन ठेवणार. मग तिच्याकडे दार लोटल्याचा आवाज आला, आणि ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ती तपासणीची गाडी... ती आमच्याकडे येते का हो कधी?"

मी म्हटलं, अहो, कुजबुजताय काय? मोठ्याने विचारा.

तुझी,
वहिनी